दोघींची पहिलीच वेळ

कायोकोला खरं तर डॉल्फिन बघायचे होते. ग्वाम बेटावर जायचं, बोटीत बसायचं, डॉल्फिन बघायचे आणि संध्याकाळी वाळूत पाय पसरून गार बिअर प्यायची, एवढीच बाईची मागणी. पण नोबुएने विमानातच फर्मान काढलं.

"डॉल्फिन उद्या. आधी बंदूक."

"बंदूक? अगं, साठीला आलो आपण!"

"म्हणून तर! आपल्याकडे जपानात मेलं तरी हातात मिळायची नाही. ग्वामला येऊन बंदूक न चालवता जायचं म्हणजे गरम झऱ्याच्या गावी जाऊन कोरड्या पायांनी परत यायचं. आणि मलाही धडकी भरलीय हं! दोघींची पहिलीच वेळ. एकमेकींचा हात धरू."

हात धरायची सवय सव्वीस वर्षांची. नागाओकाजवळ शाळांच्या जेवणाचं एक मोठं स्वयंपाकघर होतं, तिथे दोघी कामाला. कायोकोच्या पहिल्याच दिवशी तिच्या पायावर उकळतं मिसोचं सार सांडलं, आणि नोबुएने तिला बुटांसकट उचलून भाज्या धुवायच्या टाकीत उभं केलं. पाय वाचला आणि मैत्री जमली. पुढे एका थंडीत भांडी घासता घासता दोघींनी शपथ घेतली. देशाबाहेर पहिलं पाऊल टाकायचं ते दोघींनी मिळून. जी आधी जाईल ती दुसरीला मेली.

मग कायोकोचा नवरा गेला. सासूने अंथरूण धरलं ते सहा वर्षं धरलं. म्हातारी गेल्या वसंतात सुटली आणि एवढ्या मोठ्या घरात कायोको एकटी उरली. छपरावरचा बर्फ ओढायला चढायचं तर खाली शिडी धरायला कोणी नाही. तेव्हा नोबुएनेच विषय काढला. तिचा काडीमोड होऊन वीस वर्षं झालेली, तीही एकटीच.

"घर विकून टाक. स्टेशनजवळ मी दोन खोल्यांचा फ्लॅट बघून ठेवलाय. एकत्र राहू, एकत्र म्हाताऱ्या होऊ."

गिऱ्हाईक मिळालं. कागद तयार झाले. येत्या सोमवारी दलालाच्या ऑफिसात जाऊन कायोकोने सहीऐवजी आपली मोहोर उमटवली की पस्तीस वर्षांचं घर गेलं. ओसाकाचा मुलगा फोनवर म्हणाला, "आई, जरा विचार कर. घर एकदा गेलं की गेलं." तर कायोको त्याच्यावरच उखडली. "विचार कसला? नोबुएने आजवर माझ्यापासून काही लपवलं नाही. तुझ्याबद्दल मला एवढं म्हणता यायचं नाही!"

तर अशा या दोघी, डोक्यावर गवती टोप्या घालून, ग्वामच्या तुमोन भागातल्या रस्त्याने निघाल्या. दोन वळणं आली, दोन्हीकडे नोबुए न अडखळता वळली.

"तुला रस्ता कसा गं ठाऊक?"

"मासिकात नकाशा होता."

किती हुशार आपली नोबुए, असं कायोकोला वाटलं. भोळी ती भोळीच.

गोळीबाराची जागा एका दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होती. दारातच कोरडा, जळका वास. काउंटरवर मोरिताबाई बसायच्या. मूळच्या आपल्याकडच्याच, पण वीस वर्षं ग्वामच्या उन्हात रापलेल्या. त्यांनी पासपोर्ट घेतले, फॉर्म पुढे सरकवले. दारू प्यायलाय का? नाही. गरोदर आहात का? दोघी तोंडावर हात ठेवून खिदळल्या. यापूर्वी बंदूक चालवली आहे का? कायोकोने 'नाही'वर गोल केला. शेजारी नोबुएनेही 'नाही'वरच गोल केला, अगदी रेखीव.

मग मोरिताबाईंनी आपल्याकडच्या प्रत्येक दुकानात ज्या सुरात विचारतात त्याच सुरात विचारलं, "पॉइंट कार्ड आहे का?"

आता हा प्रश्न आपल्या माणसाला झोपेत विचारा. भाजीवाला विचारतो, औषधवाला विचारतो, केस कापणारी विचारते. कानावर पडला रे पडला की हात आपोआप पाकिटात जातो, डोक्याला त्यात काही काम नसतं. आणि कार्ड नसलं तर उगाच ओशाळल्यासारखं होतं. नोबुएचं पाकीट तर कार्डांनी इतकं फुगलेलं, की त्याचं बटण कधी लागलंच नाही. तिचा हात आत गेला, बोटांनी पत्ते पिसल्यासारखी कार्डं सरकवली आणि एक निळं कार्ड दोन्ही हातांनी, मान लववून, काउंटरवर ठेवलं.

ठेवलं, आणि मग तिचा चेहरा उतरला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"अय्या, निळं कार्ड!" मोरिताबाई हरखल्या. "आता लाल असतात. चालेल हो, मुदत आहे अजून. एक शिक्का झालाय, आज दुसरा. तिसऱ्या वेळी दहा गोळ्या फुकट." त्यांनी शिक्का मारला आणि कार्ड चुकून जवळच्या हातात दिलं. तो हात कायोकोचा होता.

आधीच्या शिक्क्यात तारीख होती. दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर, एकवीस.

ती तारीख कायोको विसरणं शक्यच नव्हतं. त्या आठवड्यात बॉयलर दुरुस्तीसाठी स्वयंपाकघर चार दिवस बंद होतं आणि सासूला दवाखान्यात हलवलं होतं. एकवीसला दुपारी डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस कठीण आहे. कायोकोने जिन्यात बसून नोबुएला सात वेळा फोन लावला. सातही वेळा बंद. नोबुएने नंतर सांगितलं, सेंदाईला बहिणीकडे होते, फोन बिघडला होता. आणि कायोको कामावर परतली तेव्हा सगळ्याजणी कशा तांबूस, टवटवीत दिसत होत्या! नोव्हेंबरात, आपल्या त्या काळवंडलेल्या आभाळाखाली! तिने विचारलंही होतं. "बॉयलरची धग गं," नोबुए म्हणाली होती. बंद बॉयलरची धग! आणि कायोकोने ते गिळलं होतं.

वर चॉकलेटंही गिळली होती. प्रवासाहून येताना खाऊचा डबा आणला नाही तर आपल्या माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही. नोबुएचाही उतरला नसणार. आठवड्याने तिने एक डबा आणून दिला. "भाचा गेला होता ग्वामला. तुझ्यासाठी मुद्दाम." अनोळखी पोराने आपली आठवण ठेवली म्हणून कायोकोचे डोळे भरून आले होते. सासूच्या उशाशी बसून तिने त्याच्यासाठी लोकरीचे मोजे विणून पाठवले होते.

"कायो..." नोबुए पुटपुटली.

"सगळ्याजणी होता?"

"इथे नको ना. लोक बघतायत."

"सगळ्याजणी?"

"...हो. अकराच्या अकरा."

मोरिताबाई हसतमुखाने कानांवर घालायची कवचं पुढे करत होत्या. परक्या बाईसमोर तमाशा करायचा नाही, हे अंगात इतकं मुरलेलं की कायोकोने 'आभार' म्हणून ती घेतली. पैसे भरले होते, नावं लागली होती. तिने जड जाकीट चढवलं, चष्मा लावला आणि मुकाट्याने आत गेली.

आत शिकवायला बेन नावाचा इथलाच माणूस होता. ढेरी भली थोरली, आवाज मऊ, आणि आपली भाषा गिऱ्हाइकांकडून ऐकून ऐकून उचललेली.

"आई, बोट बाहेर. इथे. मी बोलणार, मग बोट आत. आधी नाही."

छोटं रिव्हॉल्व्हर साखळीने कट्ट्याला बांधलेलं होतं. हातात घेतलं तर वाटलं त्यापेक्षा जड निघालं. समोर गोल गोल रिंगणांचा कागद लटकत होता. शेजारच्या खणात नोबुए. बेन तिच्या कवचाशी वाकून म्हणाला, "आता." कायोकोने डोळे मिटून चाप ओढला. मनगटाला हिसका बसला, दात एकमेकांवर आपटले आणि गोळी कुठे गेली ते देवाला ठाऊक. कागद जसाच्या तसा.

"डोळे उघडे, आई! डोळे बंद, गोळी पण आंधळी."

दुसरी गोळी छतात. तिसरी कागदाच्या कोपऱ्यात. आणि मग कायोकोच्या लक्षात आलं की इथे कोणाला कोणाचं काही ऐकू येत नाही. सगळ्यांच्या कानांवर कवचं आहेत. ती मोठ्याने म्हणाली, "केसाने गळा कापलास माझा!" कोणी वळलं नाही. मग तिने आवाज चढवला. "मी जिन्यात बसले होते! एकटी! सात वेळा फोन केला तुला, मेले, सात वेळा!" असं ती आयुष्यात कधी कोणाला ओरडली नव्हती. सासूला नाही, नवऱ्याला तर नाहीच.

बेनला शब्द ऐकू आले नाहीत, पण चष्म्याखालून ओघळणारे अश्रू दिसले. त्याने मागून हात घालून रिव्हॉल्व्हर खाली दाबलं, काढून घेतलं, उरलेल्या गोळ्या कट्ट्यावर ओतल्या.

"रडताना गोळी नाही, आई. हा माझा नियम. पाणी प्या. मग."

ती पाणी प्यायली. नाक पुसलं. बेन घाई न करता भिंतीला टेकून उभा राहिला. या धिप्पाड अनोळखी माणसाने जेवढं ओळखलं, तेवढं सव्वीस वर्षांत आपल्या माणसांनी ओळखू नये, याचा तिला भयंकर संताप आला, आणि त्या संतापाने हात मात्र स्थिर झाले. पुढच्या दहांतल्या सात गोळ्या आतल्या रिंगणात लागल्या.

"पहिली वेळ?" बेनने भुवया उंचावल्या. "खोटं!"

"माझी पहिलीच," कायोको म्हणाली. "खोटं शेजारी उभं आहे."

बाहेर जिन्याशी एक बाक होता, आणि दुपारचं ऊन. नोबुए येऊन शेजारी बसली. तिने दोन गार चहाच्या बाटल्या आणल्या होत्या, त्यातली एक कायोकोच्या बाजूला ठेवली. कायोकोने हात लावला नाही.

"तो मोज्यांचा जोड कुठे आहे?"

"माझ्याकडे. मीच घालते. मोठे होतात." नोबुए रडायला लागली. "कायो, चुकलं माझं. पण आज घेऊन आले ना तुला? ते फेडायलाच आणलं."

"मला आधी सांगायचं होतंस. 'तुझी सासू आजारी, तुला जमायचं नाही, आम्ही जाऊन येतो.' मी काय अडवलं असतं? मीच पिशवी भरून दिली असती."

नोबुए आपल्या बाटलीचं झाकण फिरवत राहिली.

"बोल ना. शपथ मोडलीस ते एक वेळ राहू दे. बायका काय, शपथा घेतातच. पण लपवलंस का?"

"कारण तू आली असतीस."

"काय?"

"विचारलं असतं तर तू आली असतीस. चार दिवसांसाठी नणंदेला बसवलं असतंस, पण आली असतीस. मला ठाऊक होतं." नोबुएने डोळे पुसले आणि एकदा सुटली ती सुटलीच. "आणि त्या सगळ्यांना चार दिवस हसायचं होतं गं! तू असलीस की हसायची चोरी. सासूचा खोकला, सासूचं मूत, सासूची रात्र. कोणी विनोद केला की तू हसायचीस, पण असं हसायचीस की बाकीच्यांचं हसू वाळून जायचं. त्या म्हणाल्या, एकदा तरी कायोकोशिवाय जाऊ."

"त्या म्हणाल्या."

"...मीही म्हणाले."

बाटलीवरचं पाणी बाकावर ओघळलं. कायोकोला वाटलं होतं की सगळ्यात वाईट ते कार्डावर वाचून झालं. ते तर काहीच नव्हतं.

"मग मला फ्लॅटमध्ये कशाला बोलावतेस?" तिने विचारलं. आवाज अगदी साधा, मीठ कमी पडलंय का विचारावं तसा. "सासू गेली म्हणून मी काय लगेच हसरी झाले?"

"तसं नाही..."

"मग कसं?"

नोबुएने टोपी काढून मांडीवर घेतली. मग खाली बघत म्हणाली, "गेल्या हिवाळ्यात मी न्हाणीघरात पडले. दोन तास उठता आलं नाही. कोणाला सांगितलं नाही. मला भीती वाटते, कायो. आणि माणसाची काळजी घ्यावी तर तूच. सहा वर्षं बघितलंय ना मी. तुझ्यासारखं कोणी करत नाही."

"म्हणजे हसायला त्या," कायोको सावकाश म्हणाली, "आणि मूत काढायला मी."

"कायो!"

"खोटं असेल तर सांग. आत्ता सांग, मी सोमवारी जाऊन मोहोर उमटवते."

खोटं बोलायला नोबुएने दोन वर्षं मागेपुढे पाहिलं नव्हतं. नेमकी आता तिला खरं बोलायची बुद्धी झाली होती. तिने मान खाली घातली.

कायोकोने पर्समधून फोन काढला. दलाल तिकडे शनिवारीही ऑफिसात असायचा. तिसऱ्या घंटीला त्याने उचलला. ती उठून उभी राहिली, कारण असलं बोलणं बसून करायचं नसतं. "माफ करा. सोमवारी मी येत नाही. नाही, पुढच्या सोमवारीही नाही. घर विकायचं नाही. हो, एकटीच राहणार. आपल्याला फार त्रास दिला." त्या कोणा परक्या माणसासाठी ती भर उन्हात, भर रस्त्यावर, कमरेतून वाकली. एकदा, दोनदा, तीनदा.

मग फोन ठेवला. बाकावर नोबुए ओंजळीत तोंड घेऊन रडत होती. कायोकोने तिच्याकडे पाहिलं, टोपी नीट केली आणि ताठ मानेने तिच्यासमोरून निघून गेली.