लिलावातली लांब गाडी

अक्कल नसलेल्या माणसाबरोबर संसार करता येतो. कितीतरी बाया करतात. पण आपल्यालाच काय ती अक्कल आहे असं ज्याला वाटतं, त्याच्याबरोबर करून बघा म्हणजे कळेल. आमचे हे तसे. नाव लखन. सुरतेत भेस्तानला राहतो आम्ही, आणि हे लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, कापडाचे ताके तपासून घडी घालतात. तिथे म्हणे ह्यांना फार मान. ताका उलगडायचा नाही, नुसतं काठावरून बोट फिरवायचं आणि आत डाग आहे की धागा तुटलाय ते सांगायचं. शेठने एकदा चारचौघांत पाठ थोपटली, तेव्हापासून हे जगातली प्रत्येक वस्तू काठावरून ओळखतात. सासूबाईंचा खुबा मोडला तेव्हा डॉक्टरसुद्धा असाच निवडला, दवाखान्याच्या पायऱ्या स्वच्छ आहेत म्हणून. हाड वाकडं जुळलं. तेव्हापासून सासूबाईंना फार वेळ बसवत नाही, आडवंच पडावं लागतं.

सासूबाई म्हणजे धुरपदाबाई. म्हातारी तिखट आहे, पण माझं तिच्याशी जमतं, कारण तिलाही आपल्या पोरांची किंमत माहीत आहे. तिला एकच गोष्ट हवी होती. गावाकडची, तिच्या स्वतःच्या घरातली कानबाई. आम्हा खानदेशातल्या लोकांना कानबाई काय ते सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसते. नारळालाच डोळे, नाक, नथ लावायची, चौरंगावर मांडायचं, सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायचं आणि परत आणायचं. आमच्या घराण्यात तोच जुना नारळ पिढ्यानपिढ्या चालत आलाय, आणि तो घरातल्या थोरल्या बाईचा. नैवेद्याच्या जाड पोळ्या, म्हणजे रोट, करायचे ते फक्त भाऊबंदकीने खायचे. आणि नियम एकच कडक. भाऊबंदकीत कुणी गेलं की सुतक, आणि सुतक लागलं की त्या वर्षीचे रोट मोडले. मळलेली कणीकसुद्धा घरात ठेवायची नाही.

मागच्या श्रावणात म्हातारीला नेता आलं नाही. बसमध्ये बसवेना, आणि भाड्याची गाडी करायची म्हटलं की हे हिशोब मांडून बसायचे. गावाकडचा थोरला मुलगा धुडकू आणि त्याची बायको मालतीबाई, ह्यांनी तर साधा फोनसुद्धा केला नाही. या आषाढात मात्र म्हातारी मला जवळ बोलावून म्हणाली,

"औंदा मी कानबाई देखसू, मंग मरसू."

आणि ती खरंच मरेल असं मला वाटलं. हात पाय काड्यांसारखे झाले होते. मी ह्यांना सांगितलं, काय करायचं ते करा, पण आईला न्या. तिथेच माझं चुकलं म्हणा. "काय करायचं ते करा" हे वाक्य ह्यांच्यापुढे बोलायचंच नसतं.

ह्यांनी गाडी घेतली. हप्ते थकले की बँका गाड्या ओढून नेतात, त्यांचा मोबाइलवर लिलाव होतो. खात्यातल्या कुणीतरी ते दाखवलं आणि ह्यांना जणू कुबेराची किल्ली सापडली. जेवताना मोबाइल, संडासात मोबाइल. मग एके दिवशी माझ्यापुढे फोटो धरला. पांढरी, जुनी, डिझेलची गाडी, मागे लांबच लांब. स्टेशन वॅगन म्हणतात म्हणे तिला. मागची सीट काढून टाकलेली, सपाट पत्रा मारलेला. आईला गादी घालून झोपवता येईल. मागच्या काचेवर "जय माताजी". ह्यांच्या डोळ्यांत पाणी. देवीनेच पाठवली म्हणे.

गाडी उभी होती कडोदऱ्याला. भेस्तानहून कडोदरा काय लंडनला आहे? रिक्षा बदलत गेलं तरी अर्ध्या दिवसात माणूस जाऊन येतं. मी म्हटलं, जाऊन बघून या, एखाद्या मेकॅनिकला न्या. तर हे हसले. मार्केटात जो माल फार निरखतो, त्याची गरज व्यापारी ओळखतो आणि भाव चढवतो, असं मला समजावलं. अहो, इथे व्यापारी कुठे आहे, इथे मोबाइल आहे! पण नाही. फोटो मोठा करून त्यावरून बोट फिरवलं, दाराच्या कडेवरून, बॉनेटच्या कडेवरून, आणि निकाल दिला की माल चोख आहे. मोबाइलच्या काचेवरून बोट फिरवून डिझेलचं इंजिन ओळखणारा माणूस अख्ख्या सुरतेत माझ्याच नशिबी होता.

लिलावाच्या दिवशी दुसऱ्या कुणीच बोली लावली नाही. एकानेही नाही. शहाण्या माणसाच्या मनात तिथेच पाल चुकचुकली असती. हे म्हणाले, माझी पहिलीच बोली बघून सगळे घाबरले. चाळीत पेढे वाटले. जे बाकीचे होते ते कडोदऱ्याला जाऊन गाडी बघून आले होते, एवढी साधी गोष्ट ह्यांच्या डोक्यात शिरली नाही.

गाडी आली तेव्हा आधी धूर आला. पुढची एक काच खाली व्हायची ती वर यायला तयार नसायची. मागचं दार बाहेरूनच उघडायचं, आतून कडीच नव्हती. पत्र्यावर दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या आणि चार कड्या वेल्ड केलेल्या. हे म्हणाले, माल बांधायला असतील. आणि वास! उदबत्ती आणि कापराचा वास असा मुरलेला की मी फिनेलने धुतली, सोडा घालून धुतली, उन्हात दारं उघडी टाकली, तरी जाईना. ह्यांनी नाक वर करून वास घेतला आणि सांगितलं, आधीचा मालक देवभक्त होता. मला काहीतरी खुपत होतं, पण काय ते कळत नव्हतं. म्हातारीने आडवी पडून एकदा छताकडे बघितलं आणि म्हणाली, ऐसपैस आहे. तिला गाडीचं काय, तिला जायचं होतं.

कानबाईच्या रविवारी उजाडता निघालो. म्हातारी नवं लुगडं नेसून मागे गादीवर, तिच्या उशाशी मी, पुढे एकटे हे स्टेअरिंग धरून राजासारखे. बारडोली गेली. उसाच्या शेतांमधून हे सारखे हॉर्न वाजवत होते, कारण नसताना. सोनगडच्या पुढे चहाला थांबलो. तिथला टपरीवाला गाडीकडे बघून लगेच उठला, हात जोडले, डोक्यावरची टोपी काढली. पैसेही घेईना. ह्यांची छाती फुगली. म्हणाले, बघ, गाडीचा रुबाब. मी म्हटलं, ह्या डब्याचा? पण माझ्याही मनाला ते लागून राहिलं. असं कोण कुणाला हात जोडतं? पुढे नवापूरला एका म्हाताऱ्या बाईनेही जोडले, आणि आत वाकून बघून चुकचुकली.

गावाच्या अलीकडे कॅनॉलचा चढ आहे. तिथे गाडीने जीव सोडला. बॉनेटमधून वाफ निघाली, हे खाली उतरून त्याच्यावर टॉवेलने वारा घालत बसले. म्हातारीला डोळा लागला होता. तेवढ्यात गावातला एकजण मोटारसायकलवरून आला, थांबला, मागच्या काचेतून आत वाकून बघितलं. निपचित पडलेली म्हातारी, उशाशी मी डोक्यावर पदर घेऊन बसलेली. त्याने ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, मान खाली घातली आणि गावाकडे सुसाट गेला. हे म्हणाले, किती वर्षांनी भेटला, गहिवरून आला बिचारा.

इंजिन निवायला बराच वेळ गेला. तेवढ्यात गावात जे व्हायचं ते झालं.

गाडी आळीत शिरली तेव्हा दोन्ही बाजूंना माणसं उभी. टोप्या हातात. ओट्यावर बाया जमलेल्या, आणि मधोमध मालतीबाई ऊर बडवत होती. आई माझी सोन्यासारखी, आईशिवाय मला कोण आहे, वगैरे. जिने आईला साध्या फोनवरून विचारलं नव्हतं, ती. ओट्याखाली परातभर मळलेली कणीक गाईपुढे ओतलेली. आत चौरंग उलटा घालून भिंतीला लावलेला. मला तेव्हा कळलं. अंगावर सर्रकन काटा आला आणि त्याच्या मागोमाग असा संताप आला की ह्यांना तिथेच खाली ओढावंसं वाटलं.

ती गाडी मढ्यांची होती. सुरतेत आमच्या भागातलं कुणी गेलं की मातीला गावाकडे आणायला हीच गाडी. वरच्या आळीतल्या दोघांना हिनेच आणलं होतं, शेजारच्या गावात तर किती जणांना. खानदेशातल्या पोराटोरांनाही ओळखीची. फक्त सुरतेत राहणाऱ्या, काठावरून ताका ओळखणाऱ्या आमच्या ह्यांना ठाऊक नव्हती.

मी ओरडून सांगणार, इतक्यात धुडकूभाऊजी पुढे आले. गाडीची काच अर्धी उघडी, वर न येणारी तीच. ते ह्यांच्याकडे बघेनात, आईकडेही बघेनात. मागे वळून आपल्या बायकोकडे बघितलं आणि म्हणाले,

"आजच मरानं व्हतं का हिले? रोट ग्यात ना."

म्हातारीचे डोळे उघडे होते. कधीपासून उघडे होते देव जाणे. मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मला वाटलं, आता ही खरंच जाईल. ती रडली नाही. माझ्या मनगटाला धरून उठून बसली. मालतीबाईचा हात छातीवरच राहिला. कुणीतरी मागचं दार बाहेरून उघडलं.

"मी जित्ती शे," म्हातारी म्हणाली.

मग जी काही पळापळ झाली! धुडकूभाऊजींनी पाय धरले, मालतीबाई चहा टाकायला धावली, हे आपले गाडीवर हात ठेवून उभे, जणू ह्यांनीच आईला जिवंत करून आणलं. मी म्हटलं, चौरंग मांडा, आत्ताच्या आत्ता, आजचा दिवस अजून सरला नाही. तर धुडकूभाऊजींना तिथे शास्त्र आठवलं. कणीक बाहेर गेली की रोट मोडले, आता मांडता येत नाही, भाऊबंद काय म्हणतील. भाऊबंदही माना डोलावू लागले. आई मेली म्हणून ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस गळलं नाही, त्यांना सुतकाचे नियम पाठ. तोंडातून आई एकदाही निघालं नाही, रोट मात्र निघाले. असल्या माणसांना मी मोजत नाही. पण म्हातारी इतक्या लांब ज्यासाठी आली होती ते भिंतीला उलटं टेकवून ठेवलेलं होतं, आणि ते बघून माझ्या डोळ्यांना धार लागली. मला रडताना बघून म्हातारी चिडली.

"सुतक तुमना घर," ती धुडकूभाऊजींना म्हणाली. "मना घर नही. मना नारळ आन."

ते जागचे हलले नाहीत. नारळ गेला की घराचा मान गेला, एवढं त्यांना काठावरून नाही, आतपर्यंत कळत होतं. आईला आत यायची विनवणी केली, पाय धुवायला पाणी आणलं. तिने पाय खाली टाकलाच नाही. मग मीच घरात गेले. कोनाड्यात नारळ कापडात गुंडाळून ठेवला होता, नथ तशीच होती. मालतीबाई आडवी आली. मी तिला म्हटलं, तुम्ही रडत बसा, तेच छान जमतं. नारळ उचलला आणि म्हातारीच्या ओटीत घातला.

गाडी फिरवताना ह्यांनी दोनदा भिंतीला घासली. गावाबाहेर आल्यावर हे म्हणाले, काही म्हण, गाडी कामाला आली की नाही? ह्या माणसाशी बोलायचं तर आधी जीभ धुवून घ्यावी लागेल असं वाटत होतं. अजूनही वाटतं.

म्हातारी येताना आडवी झाली नाही. खुबा ठणकत असणार, तोंड पांढरं पडलं होतं, पण मांडीवर कानबाई घेऊन ती काचेला टेकून ताठ बसली. मी नारळाला कुंकू लावलं, ती कानबाईची गाणी पुटपुटायला लागली. तिच्या गळ्यात आता आवाज उरलेला नव्हता, तरी सगळी कडवी म्हटली. उदबत्तीच्या वासाने गाडी आधीच भरलेली होती. बाकी काही लागत नव्हतं.

सोनगडच्या अलीकडे तोच टपरीवाला बाहेर उभा होता. गाडी बघून त्याने टोपी काढली, हात जोडले आणि डोळे मिटले. म्हातारीने ह्यांना गाडी हळू करायला सांगितलं. पुढच्या अर्ध्या काचेपर्यंत तिचा हात पोचत नव्हता, म्हणून तिने मागच्या काचेवर बोटाने टकटक केलं. टपरीवाल्याने डोळे उघडले. म्हातारीने नारळ उचलून त्याला दाखवला, नथीसकट, आणि दुसऱ्या हाताने आशीर्वाद दिला.

"सुखी राह्य," ती म्हणाली. काचेमुळे त्याला ऐकू गेलं नसेल. तो मात्र मटकन खाली बसला.