घोडेस्वाराला पाणी

हेल्गाबाईंनी खोटं बोलायला हवं होतं. मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते.

बाई मूळच्या जर्मन. डहाणूच्या एका चिकूवाडीवाल्याशी लग्न करून आल्या आणि नवरा गेल्यावरही इथेच राहिल्या. मूलबाळ नाही. आता ऐंशीच्या पुढे गेल्यात, अंथरुणाला खिळल्यात, आणि त्यांचं सगळं मीच करते. त्यांना ध्यास एकच, बापाचा वीर बसवायचा.

वीर म्हणजे आमच्या रानशेतच्या पाड्यावर गेलेल्या माणसासाठी सागाच्या फळीवर कोरतात तो घोडेस्वार, वर चंद्र-सूर्य. झाडाखाली इतरांच्या रांगेत तो बसवला की त्या जीवाला जागा मिळते. बाईंचा बाप तर खराच घोडेस्वार, दुसऱ्या महायुद्धात घोडदळातला लेफ्टनंट. बाई रांगत होत्या तेव्हा तो रशियात बेपत्ता झाला. ना प्रेत, ना थडगं.

"तो अजून भटकतोय, दक्षा," त्या म्हणायच्या. "मी गेले की त्याला विचारणारंही कुणी नाही."

माझा मामा भिका वीर कोरतो. त्याने घोडा असा काही कोरला की फळीवरून हात फिरवताना बाई रडल्या. पण आमच्या पाड्याची रीत आहे. बसवण्याआधी रक्ताच्या माणसाने गेलेल्याने काय काय केलं ते मोठ्याने सांगायचं.

बाई सांगू लागल्या. पोलंडमध्ये गोळ्या सुटत असताना बापाने नदीत घोडा घातला आणि जखमी सैनिक बाहेर काढले. रशियाच्या थंडीत खायला काही उरलं नाही, तेव्हा स्वतःचा घोडा स्वतःच्या हाताने मारला, माणसांना खाऊ घातला आणि आपण उपाशी राहिला. मामाचे डोळे भरून आले. मला वाटलं, झालं काम, आता गप्प बसा.

"आन् ह्या बिल्ला कसला?" मामाने विचारलं. बाईंकडचा बापाचा फोटो बघून त्याने स्वाराच्या छातीवर पदकही कोरलं होतं.

"दलदलीतल्या एका गावासाठी मिळाला," बाई म्हणाल्या. "तिथले लोक बंडखोरांना भाकरी द्यायचे. बाबांनी सगळ्यांना धान्याच्या कोठारात कोंडलं. बायका, पोरं, सगळे. मग आग लावली. त्यांच्या तुकडीतल्या एका म्हाताऱ्याने मला सांगितलं."

मामा बराच वेळ फळी गमछ्याने पुसत बसला.

"बाय, याच्या हातून ज्यांची माणसं मेली, त्या घरच्यानं याला पयलं पाणी घालाया लागतं. नाय तर बाकीचे वीर याला रांगेत घेत नाय. त्या गावचं कोण हाय?"

"कुणीच उरलं नाही."

"एक घरबी नाय?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. मामाने फळी भिंतीला टेकवली आणि चालू लागला. मी फाटकापर्यंत त्याच्यामागे भांडत गेले.

"म्हातारी आज-उद्याची हाय, मामा! कुणाला कळतंय?"

"जळले त्यांना," मामा म्हणाला.

मी तणतणत परत आले आणि तांब्या भरला. "बाई, मीच घालते पाणी. समजा, मी त्या गावची."

मी तांब्या वाकवला तोच बाईंनी माझं मनगट धरलं. एवढा जोर त्यांच्यात कुठून आला कुणास ठाऊक.

"नको," त्या म्हणाल्या. "कोठारातून ते पाणीच मागत होते. बाबा बाहेर घोड्यावर बसून ऐकत होते."

मग त्यांनी मला फळी भिंतीकडे तोंड करून ठेवायला सांगितली. मी ठेवली.