‘शी’ म्हणणाऱ्या मुलीची परात

मित्रांनो, मी एक जुनी परात आहे. ॲल्युमिनियमची, चांगली रुंद, आणि बुडाला एक मोठा पोचा आलेली. पण तुमच्या डोळ्यांसमोर जी परात आली असेल ती मी नव्हे. स्वयंपाकघराशी माझा कधी संबंधच आला नाही. मी लॉन्ड्रीतली. माझ्यात खळ असायची.

खळ म्हणजे काय हे तुमच्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल, कोण जाणे. सुती कपडे कडक राहावेत म्हणून पीठ पाण्यात शिजवून त्याची चिकट, पातळसर लापशी करतात आणि कपडे तिच्यात बुडवून काढतात. ती खळ. आमचे मालक दुकानाच्या मागच्या खोलीत ती शिजवायचे, माझ्यात ओतायचे आणि निवली की दोन्ही हात कोपरापर्यंत आत घालायचे. गुठळी लागली की चिमटीत धरून मोडायची, पुन्हा ढवळायचं. सगळी एकसारखी होऊन बोटांवरून सायीसारखी घसरायला लागली, की मान डोलवून ते एकच शब्द बोलायचे, “जमली!” गिऱ्हाइकं सदऱ्याच्या कॉलरवर टिचकी मारून बघायची आणि मालकांची तारीफ करायची. त्यातला थोडा वाटा मी गुपचूप स्वतःकडे ठेवून घ्यायचे.

एकदा कोळशाची जड इस्त्री त्यांच्या हातून सुटली ती थेट माझ्यावर. पोचा आला तो तेव्हा. तेव्हापासून जमिनीवर ठेवलं की मी डुगडुगते. पण खळीला डुगडुगण्याचं काय? काम चालू राहिलं.

पुढे कपडेच बदलले. न चुरगळणाऱ्या कापडांना खळ कशाला लागते? मालकांचे गुडघेही कुरकुरायला लागले. दुकान बंद झालं आणि मी त्यांच्याबरोबर घरी आले. घरी म्हणजे बाल्कनीत, फरशी पुसायच्या बादलीमागे, भिंतीकडे तोंड करून. माझ्या काठावर ओलं पोतेरं वाळत पडायचं. मित्रांनो, ज्या अंगाने पांढरेशुभ्र सदरे बघितले, त्याच्यावर पोतेरं! भांड्याला बोलता येत नाही ते एका परीने बरंच आहे.

त्या घरात आता मालकांना सगळे बाबा किंवा आजोबा म्हणायचे. त्यांचा मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातून चार-दोनदा घरी यायचा. सून चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासायची. म्हणून तिच्या मुलीचं लाडाचं नाव पडलं भिंगरी.

आजोबा म्हणजे जन्मभर डागांशी भांडलेला माणूस. दुकान सुटलं, भांडण सुटलं नाही. खांद्यावर कायम एक ओलं फडकं. भिंगरीच्या हाताला दुधाचा थेंब लागायचा अवकाश, की फडकं आलंच आणि पाठोपाठ “शी! घाण!” त्यामागे मायाच होती, त्यांचं प्रेम फडक्याच्या वाटेनेच बाहेर पडायचं. परिणाम एवढाच झाला, की भिंगरीचा पहिला शब्द ना ‘आई’ झाला ना ‘बाबा’. पहिला शब्द झाला ‘शी’. घरभर कौतुक झालं. आजोबांनी तर फोन करकरून सगळ्यांना ऐकवला.

पुढे कौतुक ओसरलं. पोर दोन वर्षांची झाली तरी कशाला हात लावेना. भात शी, केळं शी, ओली माती शी, आईचा घामेजला गालसुद्धा शी. जेवायला बसली की दोन्ही हात वर धरायची, ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरांसारखे, आणि तोंड तेवढं उघडायची. आईने भरवायचं.

आणि आईची वाढवून वाढवून घेतलेली बिनपगारी रजा संपत आली होती. मुलीमागे धावणं आजोबांच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. कोपऱ्यावरच्या पाळणाघराच्या मावशींनी आईला स्पष्टच सांगितलं, “बाई, मूल आपल्या हाताने चार घास खात असेल तर उद्या आणा. नसेल तर मला जमायचं नाही. एवढ्या पोरांना भरवायला मी हात कुठून आणू?”

आई घरी आली ती तडक बाल्कनीत. बादली बाजूला सारली, पोतेरं उचललं, मला काखेत मारलं.

“ती कशाला?” आजोबांनी विचारलं.

“शाळा काढतेय,” आई म्हणाली.

तिने खोलीत जुनी चादर अंथरली, विटका गाऊन घातला आणि माझ्यात पाणी, वाट्या, गाळणी टाकून भिंगरीसमोर बसली. मी डुगडुगले, पाणी हिंदकळलं. भिंगरी हसली! पण एक थेंब मनगटावर उडाला आणि, “शी!” फडकं धावून आलं.

दुसऱ्या दिवशी कोरडे तांदूळ आणि त्यांत लपवलेली बटणं. मग पीठ. मग बागेतली माती आणि पानं. मग बिटाचा रस आणि कापसाचे बोळे. आई स्वतः कोपरापर्यंत माखायची, नाकाला पीठ लावून घ्यायची, गाणी म्हणायची. पोर चादरीच्या काठावर हात वर करून उभी. चादर झटकताना आईच्या ओठांची घट्ट रेघ मला दिसायची. “उद्या परत,” एवढंच ती म्हणायची. आणि मित्रांनो, मीही ठरवलं होतं. पोचा असो नाही तर काही असो, या मुलीचा हात माझ्यात पडल्याशिवाय मी पुन्हा भिंतीकडे तोंड करणार नाही.

“बाबा, तेवढं फडकं जरा लांब ठेवाल?” आईने एकदा विचारलं.

“अगं, तिला कसंसंच होतं. मला नाही बघवत.”

“मला तरी कुठे बघवतंय? पण मावशींना आपण काय सांगायचं? हात आहेत, वापरायला काढले नाहीत अजून?”

 फडकं खांद्यावरच राहिलं.

त्या संध्याकाळी आई मला घासत होती. माझा काठ बाहेरून गोल वळवलेला आहे. त्या वळणात पांढरी रेघ अडकलेली तिला दिसली. नखाने खरवडली, निघेना.

“बाबा, हे काय बसलंय हो इथे? शी!” तिच्याही तोंडून निघून गेलं.

“शी काय म्हणतेस?” आजोबा एकदम उसळले. “खळ आहे ती! माझ्या हातची!”

आई घासायची थांबली. त्यांच्याकडे बघत राहिली. “चिकट असते?”

“चिकट म्हणजे? असा हात घातला की...” आणि ते हवेत हात फिरवायला लागले. गुठळ्या मोडून दाखवू लागले. बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक झाला. आईने काही सुनावलं नाही. एवढंच म्हणाली, “उद्या कराल का थोडी?”

सकाळी खळ शिजली. कितीतरी वर्षांनी ती माझ्यात पडली, तेव्हा मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. पुरती निवली. आईने मनगटावर घेऊन बघितली. आजोबा गुडघ्यांना नावं ठेवत चादरीवर बसले, बाह्या वर केल्या. खांद्यावरचं फडकं काढून चादरीच्या काठावर ठेवलं. आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत.

भिंगरी बघतच राहिली. घरातला सगळ्यांत स्वच्छ माणूस माखला होता!

“आबा शी!” ती ओरडली. त्यांनी हात बाहेर काढले नाहीत. ती अस्वस्थ झाली. कधी फडक्याकडे बघे, कधी त्यांच्याकडे. आजोबांच्या पुसायच्या कामाला आज माणूसच नव्हतं. शेवटी तिने ते फडकं उचललं, तुरुतुरु आली आणि त्यांचा हात पुसायला लागली. अगदी त्यांच्यासारखीच, जोर लावून. पुसता पुसता खळ फडक्यावर आली, फडक्यावरून तिच्या बोटांवर.

ती थबकली. बोटं डोळ्यांसमोर धरली. खालचा ओठ बाहेर आला. आईने श्वास रोखला. आजोबांचा हात सवयीने फडक्याकडे निघाला, मला तो दिसला. आणि अर्ध्यावरून परत आला. त्यांनी पोरीच्या बोटांवरून खळ घसरताना बघितली, मान डोलवली आणि म्हणाले, “जमली!”

भिंगरीने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. रडू तिथेच थांबलं. तिने एक बोट माझ्यात घातलं. मग सगळी बोटं. मग डुबुक्कन दुसरा हात. मी अशी डुगडुगले, की खळ आईच्या गाऊनवर उडाली.

“दमली!” भिंगरी किंचाळली. ‘ज’ तिला यायचा नाही.

“मीच दमले गं बये,” आई म्हणाली आणि डोळे पुसायला गेली तो खळ डोळ्याला.

दुपारी ताटलीत मऊ भात होता. भिंगरीने त्यात हात घातला. बराचसा भात कानात गेला, पण थोडा तोंडातही गेला. आजोबा हातांवर बसून होते, उगाच ते फडक्याकडे जायला नकोत म्हणून.

पाळणाघराच्या पहिल्या दिवशी आई कामावरून तिला घेऊन आली ती हसत दारातच बसली. मावशी म्हणाल्या होत्या, “जेवते छान हो, एकटी! पण फार नाजूक आहे. दर घासाला ‘दमली, दमली’ म्हणते. मी बापडी प्रत्येक वेळी निजवत होते. ती उठून परत ताटलीशी!”

आजोबा इतके हसले, की खांद्यावरचं फडकं खाली पडलं.

मित्रांनो, आता मी बाल्कनीत नसते. खोलीतच असते, कधी माती घेऊन, कधी पाणी, कधी खळ. माझं मागणं थोडंच आहे. घरातलं लहान मूल कशात हात घालत असेल तर त्याच्याजवळ बसा, त्याच्यावर लक्ष ठेवा. फडकं मात्र मागाहून आणा. आणि माझ्यासारखं एखादं पोचे आलेलं भांडं तुमच्या घरी असेल तर ते खुशाल घासा, लख्ख करा. फक्त काठाच्या वळणातली पांढरी रेघ खरवडू नका. तो डाग नाही. ती कुणाच्या तरी हातची ‘जमली!’ आहे.