आखूड पायाची खुर्ची

या मित्रांनो, जवळ या. असे दारात घुटमळू नका, पोलीस ठाणे असले म्हणून काय झाले! इथे लहानांना कुणी धरत नाही. सरका पुढे, मांडी घाला. मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे, आणि खरे सांगते, ऐकून उठाल तेव्हा छाती थोडी रुंद झालेली असेल.

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. लोक जिच्यासाठी भांडतात ती नव्हे बरे का! मी मूळची स्वयंपाकघरातली.

मला घडवणारा सुतार मोठा देवभोळा. रंधा मारता मारता देवाची गाणी म्हणायचा, आणि अशी म्हणायचा की ऐकणाऱ्याने हातातले काम विसरावे. माझे तीन पाय त्याने अगदी मापात कापले. चौथ्याच्या वेळी त्याला असा काही गोड सूर लागला की डोळे आपोआप मिटले आणि करवत रेघेच्या अलीकडेच चालली. मला जमिनीवर ठेवले, तशी मी म्हणाले, "टक!"

सुतार हसला. "राहू दे," तो म्हणाला. "एवढ्या मुक्या खुर्च्यांत एक बोलकी असू दे."

मित्रांनो, आयुष्यभर मी तो एकच शब्द बोलत आले. माझ्यावर बसलेला माणूस जरा जरी चुळबुळला, तरी मी आखूड पायावर कलते आणि टक म्हणते.

मी ज्या घरी गेले तिथे माणसे चार. सूनबाई, तिचा कचेरीत जाणारा नवरा, शाळेत जाणारी मुलगी आणि सासूबाई. सकाळी घरात नुसती धांदल. डबे भरले, दारे आपटली, जिन्यावरची पावले विरली की मग घर असे गप्प व्हायचे, जसे कुणी वरून झाकण ठेवले आहे. सूनबाई पुसलेला ओटा पुन्हा पुसायची. डब्यांची रांग मोडून पुन्हा तीच रांग लावायची. मग माझ्यावर बसून, हनुवटी तळहातावर टेकून खिडकीबाहेर बघत राहायची. समोरच्या गॅलरीत वाळणाऱ्या कपड्यांवरून तिला कळायचे कुणाकडे पाहुणे आले, कुणाचे बाळ आजारी आहे. पण हे कळून करायचे काय?

"बोल की गं काहीतरी," ती मला म्हणायची. मी म्हणायचे, टक. तेवढेच आमचे बोलणे.

आता सासूबाईंचे ऐका. त्यांना डॉक्टरांनी साखर बंद केली होती. पण बंद केली म्हणून जिभेला कळते थोडेच! एका दुपारी सूनबाई कपडे काढायला गेली. ती परत आली तेव्हा सासूबाई माझ्यावर बसल्या होत्या, चेहरा अगदी देवाच्या गाभाऱ्यात बसल्यासारखा.

"आई, साखर खाल्लीत?"

"मी? साखर? छे गं बाई!"

टक.

"परत सांगा."

"अगं, सांगितलं ना, नाही म्हणून!"

टक, टक.

सूनबाईने नुसता साखरेचा डबा उचलून बघितला. झाकण उलटे बसले होते. सासूबाईंचा असा पारा चढला म्हणता! "एवढी नजर आहे तर पोलिसात जा ना! माझ्यासारख्या म्हातारीच्या मागे काय लागतेस?"

सूनबाई हसली. पण सासूबाई तणतणत उठून गेल्या, तशी ती माझ्यावर येऊन बसली. मग माझ्या हातावर हात ठेवून हळूच म्हणाली, "जाऊ?"

मी काय म्हणणार? टक म्हणाले.

रात्री जेवताना तिने नवऱ्याला सांगितले. त्याचा घास हातातच राहिला. "पोलिसात? अगं, झुरळ दिसलं की तू मला हाक मारतेस."

"झुरळाला अटक करता येत नाही म्हणून."

मुलगी एवढी हसली की तिला ठसका लागला. नवऱ्याने आईकडे बघितले. त्याला वाटले, आई आता थांबवेल. सासूबाई घोटभर पाणी प्यायल्या. "मी रागात बोलले होते," त्या म्हणाल्या. "पण बोलले ते बोलले. दिलेला शब्द मी मागं घेत नाही. स्वयंपाक उद्यापासून मी बघते. फक्त मीठ कमी पडलं तर कुणी तोंड वाकडं करायचं नाही."

फौजदाराची परीक्षा काही सोपी नव्हती, मित्रांनो. आणि तिच्या वयाला दारे लवकर बंद होणार होती. सूनबाई ओट्याला पाठ लावून उभी राहायची आणि सासूबाई माझ्यावर बसून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन, कायद्याच्या पुस्तकातून प्रश्न विचारायच्या. मध्येच थांबायच्या.

"मग त्या चोराला शेवटी शिक्षा झाली का?"

"पुस्तकात एवढंच दिलंय, आई."

"कसलं मेलं पुस्तक! गोष्ट अर्धीच सोडतात."

सकाळी पायांना व्यायाम म्हणून सूनबाई माझ्यावर पाय देऊन चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. पाय चुकून आखूड कोपऱ्यावर पडला की मी कलायचे. पण देवाची करणी बघा, मी कलता कलता तिला तोल शिकवून गेले.

पहिल्या खेपेला ती धावण्यात मागे पडली. घरी आली आणि बुटांसकट माझ्यावर बसून राहिली. तेवढ्यात शेजारीण डोकावली. "झाली ना हौस? आता घर सांभाळा."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "घर मी सांभाळतेय. तुम्ही तोंड सांभाळा!"

दुसऱ्या खेपेला नवरा स्वतः तिच्याबरोबर मैदानावर पळाला. धाप त्याला लागली, वेग तिचा वाढला. आणि ती पास झाली! प्रशिक्षण संपवून, खाकी गणवेशात ती दारात उभी राहिली तेव्हा सासूबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. "टोपी जरा सरळ कर," एवढेच म्हणाल्या आणि माझ्यावर येऊन बसल्या. मी टक टक टक वाजतच राहिले. सासूबाई पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या, पण त्यांचे सगळे अंग हलत होते.

ठाण्यात आल्यावर फौजदारीणबाईंना पहिली गोष्ट खटकली ती ही, की तक्रार सांगणारा माणूस उभाच. एका पायावरून दुसऱ्या पायावर होत, अर्धे सांगून निघून जायचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उचलले.

"माझी खुर्ची नेतेस?" सासूबाईंनी विचारले.

"तुमची आठवण म्हणून."

"मेले नाही गं मी अजून!"

ठाण्यातल्या मोठ्या साहेबांनी मला बघून भुवया उंचावल्या. "मॅडम, आपल्याकडे खुर्च्या कमी आहेत का?"

"बसायच्या आहेत, साहेब. बोलायची नव्हती."

तेव्हापासून मी त्यांच्या टेबलासमोर उभी आहे. पण त्यांनी माझ्यावर कधी आंधळा विश्वास ठेवला नाही हो. नव्या शिपायांना त्या सांगायच्या, "खुर्ची वाजली म्हणजे माणूस खोटा, असं नाही. आत काहीतरी हललं, एवढंच. मग थांबायचं. पाणी द्यायचं. पुन्हा विचारायचं." एक आजोबा आले होते, मुलाने घराबाहेर काढले म्हणत. मी टक म्हणाले. पाणी पिऊन झाल्यावर कळले, आजोबा स्वतःच रुसून निघाले होते आणि परत जायची लाज वाटत होती. मॅडम स्वतः त्यांना घरी सोडून आल्या.

आता ऐका, खरी कसोटी पुढे आहे.

ठाण्यात एक हवालदार होते, जीव लावणारे. माझे डुगडुगणे त्यांना बघवेना. एका सकाळी मॅडम यायच्या आत त्यांनी माझ्या आखूड पायाखाली रबराचा जाड तुकडा ठोकला आणि मला दाबून बघितले. हूं नाही की चूं नाही! माझी वाचाच गेली. आणि नेमकी त्याच दिवशी एक बाई आली.

शेजाऱ्यांनी फोन केला होता, म्हणून दोघांना बोलावले होते. बाईच्या गालावर निळा डाग. नवरा तिच्या शेजारी, इस्त्रीचा सदरा घालून. "लोकांना उद्योग नाही, मॅडम. ही जिन्यावरून पडली. सांग गं."

"जिन्यावरून पडले," बाई म्हणाली.

मित्रांनो, ती माझ्यावर बसली होती. तिची थरथर माझ्या लाकडात उतरत होती. मी तळमळले, पण आवाज फुटेना. तक्रार नाही असे एकदा लिहून झाले, की ती बाई त्याच माणसाबरोबर त्याच घरी जाणार होती. हवालदारांनी लिहायला पेन उघडलेसुद्धा.

मॅडम कान देऊन थांबल्या. "ही खुर्ची आज गप्प कशी?"

"मी नीट केली, मॅडम!" हवालदार कौतुकाने म्हणाले.

मॅडम बघायला खाली वाकल्या. आणि वाकल्या त्या क्षणभर तशाच राहिल्या. माझ्या पायांमधल्या आडव्या पट्टीला त्या बाईने पायाच्या बोटांनी घट्ट धरले होते. बुडणारा माणूस फळी धरतो ना, तसे. बोटे पांढरी पडली होती.

मॅडम सरळ झाल्या. चेहऱ्यावर काहीच दाखवले नाही. नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा. हवालदार चहा देतील."

"पण मी नवरा आहे तिचा."

"म्हणूनच."

दार लागले. मॅडम टेबलाला वळसा घालून आल्या आणि आपली खुर्ची माझ्या शेजारी ओढून बसल्या. स्वयंपाकघरात दोघी बसाव्यात तशा. मग अगदी सहज विचारले, "जिना फार उंच आहे का हो तुमच्याकडे?"

बाईची पट्टीवरची बोटे हळूहळू सुटली.

"मॅडम," ती म्हणाली, "आमच्या घराला जिनाच नाही."

आणि मग जो बांध फुटला, तो फुटला! संध्याकाळी तो इस्त्रीचा सदरा कोठडीत होता आणि ती बाई पोलिसांच्या गाडीतून, मान वर करून, आपल्या बहिणीच्या घरी निघाली होती. दारात थांबून तिने एकदा माझ्या पाठीवर हात फिरवला. हवालदारांनी डोळे पुसत माझ्या पायाखालचे रबर स्वतःच्या हातांनी काढले. मला पुन्हा कंठ फुटला. पण त्या दिवशी एक गोष्ट मला कळली: मॅडमना माझी गरज उरली नव्हती, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त आनंद झाला.

पुढे मॅडमचा सत्कार झाला. त्या दिवशी सासूबाई ठाण्यात आल्या, ऐटीत माझ्यावर बसल्या. सगळ्यांसमोर मॅडमनी विचारले, "आई, साखर खाल्लीत?"

"मी? छे!"

टक!

अख्खे ठाणे हसले. मोठ्या साहेबांचा चहा सांडला.

आज सासूबाई देवाघरी आहेत. तिथे साखरेला मनाई नसावी, एवढीच माझी प्रार्थना. मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी डुगडुगणारी खुर्ची असेल. तिला अडगळीत टाकू नका. आणि तिच्यावर कुणी गप्प बसून खिडकीबाहेर बघत असेल, तर शेजारी बसा, तिच्याशी बोला. आणि हो, चहात साखर ढवळताना त्या म्हातारीची एकदा आठवण काढा, जी रागात एक वाक्य बोलून गेली आणि मग जन्मभर त्या वाक्याला जागली.