कानामागचं बटण

“मान हलवू नका हं. आता एवढं कानामागचंच राहिलंय.”

खुर्चीतल्या बाईंनी मान ताठ धरली. मांडीवरच्या टॉवेलवर केसांचा ढीग पडला होता आणि त्याकडे बघायचंच नाही, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. त्या कपडे शिवायच्या. डोक्यात डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ निघाली होती. महिनाभर उजव्या हातातून सुया गळून पडत होत्या. आज साडेदहाला ती गाठ काढायची होती.

“मावशी, हात राहील ना हो माझा? डॉक्टर म्हणाले, गाठ हाताच्या जागेला अगदी खेटून आहे.”

“राहणार. न राहून जातोय कुठे?”

अशी उत्तरं मावशी एकतीस वर्षं देत आल्या होत्या. हॉस्पिटलात ऑपरेशनआधी बायकांच्या अंगावरचे केस काढून त्यांना स्वच्छ करून द्यायचं, हे त्यांचं काम. डॉक्टर आले नि गेले, मशिनं आली नि भंगारात गेली, पण मावशींचा वस्तरा जागचा हलला नाही. एकतीस वर्षांत एकाही पेशंटला ओरखडा नाही, हे त्या स्वतः तर सांगतच, पण कुणी दुसऱ्यानं सांगितलं तर चहा पाजत.

बाईंच्या डोक्यावर सहा गोल चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या. आदल्या संध्याकाळी स्कॅनच्या खोलीत त्या लावल्या होत्या आणि बाईंनी त्यांना बटणं असं नाव देऊन टाकलं होतं. मोठ्या सिस्टरांनी सकाळी बजावलं होतं, “मावशी, बटणं पडू देऊ नका.” मावशींनी डोळ्यांत तेल घालून पाच बटणं सांभाळली. सहावं मात्र कानामागे चक्क केसांवरच चिकटवलेलं. खाली केस तसेच ठेवायचे म्हणजे काय? मावशींनी ते अलगद सोडवलं, स्टीलच्या वाटीत ठेवलं, ती जागा गुळगुळीत केली. तिथं शाईचा एक ठिपका होता, तोही स्पिरिटच्या बोळ्यानं घासून घालवला. मग बटण होतं त्या जागी परत चिकटवलं आणि अंगठ्यानं दाबलं. पडू तर दिलं नव्हतंच.

“झालं. आता आरशात बघू नका, थेट आठवड्यानं बघा,” त्या म्हणाल्या. बाई हसल्या आणि हसताहसता त्यांचे डोळे भरून आले.

पावणेदहाला बाईंना आत नेलं. थिएटरच्या दारापुढे जमिनीवर लाल पट्टा मारलेला होता. मावशींची हद्द तिथं संपे. त्यांनी ट्रॉली पट्ट्यापर्यंत ढकलली आणि पुढे ती आतल्या माणसांनी ओढून घेतली.

शेजारच्या खोलीत चष्मेवाली बसली होती. हे नाव मावशींनीच ठेवलेलं. चाळिशीची ती बाई गेले दोन महिने एक काळा, डब्यासारखा चष्मा घेऊन हॉस्पिटलात वावरत होती. तो घातला की पेशंटच्या डोक्याच्या आतलं बाहेरूनच दिसतं, असं म्हणत. मावशींचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. टेबलावर प्लास्टरचं डोकं होतं आणि त्यावर तसलीच सहा बटणं.

“या मावशी, तुम्हीही बघून घ्या एकदा. नुसती नावं ठेवता आमच्या चष्म्याला.”

मावशींनी चष्मा चढवला आणि आ वासला. प्लास्टरच्या डोक्यातच मेंदू दिसत होता, फिकट गुलाबी, आणि त्यात हिरवी गाठ. खोली जिथल्या तिथे, टेबल जिथल्या तिथे, आणि मधेच हे. त्यांनी हात पुढे केला तर हात थंड प्लास्टरला लागला.

“अगं बाई! हे खरं की खोटं?”

“अर्धं अर्धं. डोकं खरं, आतलं चित्र काल काढलेल्या स्कॅनचं. डॉक्टर ह्या चित्रावरून कवटीवर रेघ मारतात आणि तिथंच कापतात.”

“पण चित्राला कसं कळतं, कुठं बसायचं ते?”

“ह्या बटणांवरून. स्कॅनमध्येही हीच बटणं दिसतात ना, त्यांची जोडी लावायची. म्हणून तर ती हलता कामा नयेत. हे बघा.” तिनं एक बटण नखानं उचललं, थोडं पलीकडे चिकटवलं आणि चित्र नव्यानं बसवलं. मेंदू किंचित सरकला. हिरवी गाठ होती तिथून हलली. “दिसलं? एक चुकलं की सगळंच कलतं.”

मावशींना ती स्टीलची वाटी आठवली. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून हाक आली आणि चष्मेवाली चष्मा उचलून आत पळाली. दार लागलं. वरचा लाल दिवा पेटला.

जिथल्या तिथंच लावलं होतं की मी, मावशींनी मनाशी म्हटलं. अगदी जिथल्या तिथं. मग दुसरं मन म्हणालं, जागेच्या खुणेचा ठिपकाच पुसलास, आता कशावरून म्हणतेस? एवढं हुशार मशीन, त्याला कळेलच. आणि नाही कळलं तर? त्या चादरींच्या खोलीत गेल्या, तीन चादरींच्या घड्या घातल्या, तिन्ही वाकड्या आल्या. गेल्या वर्षी एका आयानं पेशंटच्या हातातली सलाइनची सुई निसटली ते लपवलं होतं आणि तिला दुसऱ्या दिवशी कामावरून काढून गेटवरच अडवलं होतं. मावशींना निवृत्तीला सात महिने होते. सात महिने काही फार नाहीत. सात महिने तोंड मिटून काढता येतात.

बाहेरच्या बाकावर बाईंची धाकटी बहीण बसली होती. मावशींना बघून ती उठलीच.

“मावशी, ताई आत जाताना काय म्हणाली माहितीये? म्हणाली, त्या मावशींचा हात इतका हलका, मला वाटलं आईच विंचरतेय. एक ओरखडा नाही बघ.”

एरवी या वाक्यावर चहा झाला असता. मावशी उलट्या पावली निघाल्या, आधी चालत, मग जवळजवळ पळत.

लाल पट्ट्यापाशी पाय अडखळले. एकतीस वर्षांची सवय ती. मग त्यांनी पट्टा ओलांडला आणि दारावरची घंटा दाबून धरली.

मोठ्या सिस्टरांनी फटीतून डोकं काढलं. “मावशी? दिवा दिसत नाही का?”

“कापलं का?”

“काय?”

“डोकं कापलं का अजून? सिस्टर, कानामागचं बटण मी काढलं होतं. खालचे केस काढले नि परत लावलं. ठिपकाही पुसला. त्यांना थांबवा.”

सिस्टरांचा चेहरा पांढरा पडला. त्या लगेच आत वळल्या. दार अर्धवट उघडंच राहिलं आणि आतून मोठ्या डॉक्टरांचा आवाज आला, शांत, म्हणून जास्तच भीतीदायक. “कुणी काढलं? त्यांना आत घ्या.”

मावशींना टोपी, मास्क, गाऊन चढवला गेला. आत गारठा होता. बाई बेशुद्ध होत्या, डोकं लोखंडी पकडीत घट्ट बसवलेलं, आणि मावशींनी एवढ्या मायेनं गुळगुळीत केलेल्या त्या डोक्यावर एक जांभळी रेघ मारलेली. डॉक्टरांनी डोळ्यांवरचा काळा चष्मा वर सरकवला.

“कुठलं बटण?”

मावशींनी डाव्या कानामागे बोट दाखवलं.

“बटणं जुळवताना फरकाचा आकडा थोडा जास्त येतच होता, सर,” चष्मेवाली पुटपुटली. “पण चालण्यासारखा होता.”

“ते वगळा. पाचांवर लावा पुन्हा.”

किती वेळ गेला, मावशींना कळलं नाही. कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं आणि कुणी रागावतही नव्हतं. कुणीतरी खडसावलं असतं तर बरं वाटलं असतं. डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला, वाकले, बराच वेळ तसेच राहिले. मग त्यांनी हात पुढे केला. सिस्टरांनी त्यात ओला बोळा ठेवला. त्यांनी जांभळी रेघ पुसली आणि नवी मारली. पुसलेल्या रेघेचा फिकट डाग राहिला होता, आणि तो डाग नि नवी रेघ यांच्या मधे एक बोट सहज बसलं असतं.

“मावशी, बाहेर थांबा,” डॉक्टर म्हणाले.

त्या बाहेर आल्या आणि बहिणीच्या शेजारी बाकावर बसल्या. बहिणीनं विचारलं, “काही झालं का?” त्या म्हणाल्या, “आता सुरू झालंय.” साडेतीन वाजेपर्यंत दोघी तिथंच बसून होत्या.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी त्यांना बोलावलं. कागद पुढे केला. जे घडलं ते मावशींनी आपल्या अक्षरात लिहून दिलं, काही गाळलं नाही. कामावर राहा, सिस्टर म्हणाल्या, पण डोक्याची तयारी यापुढे चष्मेवालीसमोर, तिचा माणूस करणार. सांगताना त्यांनी नजर खिडकीकडे वळवली. मावशींनी वस्तऱ्याचा डबा टेबलावर ठेवला. डब्याचं झाकण सैल होतं, ते त्यांनी नीट दाबून बसवलं.

आठव्या दिवशी त्या चादरी घेऊन वॉर्डात गेल्या. बाई उशीला टेकून बसल्या होत्या. उजव्या हातात सुई होती आणि बहिणीच्या ओढणीची किनार मांडीवर. टाका हळू पडत होता, पण पडत होता.

“मावशी, होतात कुठे? बघा, राहिला हात! तुम्ही म्हणालात तस्सं.” त्या खुशीत होत्या. “फक्त त्या दिवशी एवढा उशीर का झाला, ते कुणी सांगत नाही.”

मावशींनी चादरी पायथ्याशी ठेवल्या. “माझ्यामुळे,” त्या म्हणाल्या, आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. वाटी, ठिपका, स्पिरिट, पुसलेली रेघ, सगळं.

सुई ओढणीत तशीच राहिली. बाईंनी डावा हात डोक्याकडे नेला आणि कानामागे चाचपलं. बहीण काही बोलायला गेली, तर त्यांनी मानेनंच तिला गप्प केलं. मग त्यांनी मावशींच्या हातांकडे बघितलं. मावशींना वाटलं, आता जावं.

“डोकं चिकट झालंय हो,” बाई शेवटी म्हणाल्या. “टाके सोडून बाकीचं पुसायला सांगितलंय सकाळपासून. कुणी येत नाही. तुम्ही देता पुसून?”

“मला वस्तऱ्याला हात लावायची मनाई आहे.”

“मी कुठं वस्तरा म्हणाले?”

मावशींनी हात धुतले, कोमट पाणी आणलं, फडकं घट्ट पिळलं. कपाळापासून सुरुवात केली, टाक्यांच्या कडेकडेनं मागे गेल्या. कोवळे केस फडक्याला खरखरीत लागत होते. बाईंनी डोळे मिटून घेतले होते. डाव्या कानामागे आता काहीच नव्हतं, तरी तिथं आल्यावर मावशींचा हात थबकला, आणि तेवढी जागा सोडून बाजूनं वळला.