मला हातभर खाली सोडा

अहो, इकडे! खाली बघा, जाळीच्या आत. मी बोलतेय, तळ्याच्या काठावरची पांढरी आरम लिली. पांढरी कसली, पानांच्या कडा काळ्या पडायला लागल्यात, पण ते राहू द्या. सकाळपासून पाण्यावर दुधावरच्या सायीसारखा बर्फ धरतोय आणि मी नको त्या जागी अडकलेय. म्हणून जन्मापासूनचं सगळं सांगते, पण भराभर सांगते. मध्ये कुणी बोलू नका.

माझं घराणं दक्षिण आफ्रिकेतलं, ओढ्याकाठचं. ते मी काही पाहिलेलं नाही. मी जन्मले इथेच, इंग्लंडातल्या यॉर्कशायरात, हेब्डनबाईंच्या नर्सरीतल्या गळक्या काचघरात. आईच्या कंदाला फुटवा आला, बाईंनी तो चाकूनं कापला, मातीत खुपसला, झालं. ती मी. लाडबिड काही नाही. पण पहिलं फूल आलं तेव्हा हेब्डनबाई आपला चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. तेव्हापासून मला थोडा तोरा आहे, खोटं कशाला बोलू?

ईस्टरनंतरच्या शनिवारी ते दोघं आले. क्लिफर्ड ओल्ड्रॉइड आणि त्याची बायको एनिड. क्लिफर्डनं परसात नवीन तळं खणलं होतं आणि त्याच्या काठाला झाडं हवी होती.

"काठाला काटकच लावा हो," हेब्डनबाई म्हणाल्या. "काठावरचं पाणी आधी गोठतं. हे वेखंड घ्या, हा पाणपुदिना, हा लव्हाळा, ही पिवळी किंगकप. तुम्ही दोघं मेलात तरी ही जगतील."

"वा! काय शुभ बोलता!" क्लिफर्ड म्हणाला.

एनिडचं लक्षच नव्हतं. ती माझ्यासमोर वाकली होती. "आणि ही?"

"ही नखऱ्याची आहे. पाटीवर 'तळ्याच्या काठासाठी काटक' असं छापलंय, छापणाऱ्याचं काय जातंय! उन्हाळाभर काठावर बसेल ही. पण थंडी आली की लावलेल्या टोपलीसकट हातभर खाली सोडायची. तेवढ्या खोल बर्फ जात नाही. वर राहिली तर कंद गोठून चिखल होईल."

"म्हणजे दरवर्षी गारढोण पाण्यात मी हात घालायचे?" क्लिफर्डनं विचारलं.

"मग काय मी घालू?" एनिड म्हणाली. "घे रे. बाकीची तुझी काटक, ही माझी."

हेब्डनबाईंनी कानामागची पेन्सिल काढली आणि माझी पाटी उलटून मागे लिहिलं, 'थंडीत हातभर खाली'. ती पाटी अजून माझ्या टोपलीत खोचलेली आहे. तिच्यावरच माझा जीव टांगलाय, लक्षात ठेवा.

तर मी ओल्ड्रॉइडांच्या घरी आले. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच तळं. काठालगत पाण्याखाली वीतभरावर एक पायरी, तिच्यावर आम्ही सगळे ओळीनं. पायरी संपली की खोल पाणी. वेखंड आणि पुदिना पहिल्याच वर्षी असे पसरले की काही विचारू नका. मी आपली एका जागी मान वर करून बसायची. मे महिन्यात फुलले की एनिड खिडकीतून म्हणायची, "आल्या बरं का बाईसाहेब!"

आता क्लिफर्डची गंमत सांगते. इथे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सगळा देश घड्याळं एक तास मागे करतो. तर त्या दिवशी हा माणूस खुर्ची घेऊन घरभर फिरायचा. जिन्यातलं घड्याळ, झोपायच्या खोलीतलं, शेवटी स्वयंपाकघरातलं. ते झालं की गमबूट चढवायचा, बाही खांद्यापर्यंत गुंडाळायचा आणि तळ्याशी यायचा. माझ्या टोपलीला त्यानं हिरवी दोरी बांधली होती, तिचं दुसरं टोक काठावरच्या खिळ्याला. मला उचलायचा, पायरीपलीकडे न्यायचा आणि दोरी हळूहळू सोडत तळाशी उतरवायचा. वर तोंडानं चालूच, "आई गं! मेलो! बोटं गेली माझी! एनिड, तुझी ही म्हैस जड झालीय!"

एनिड दारातून ओरडायची, "गेली का खाली?"

"गेली!"

"मग ये. किटली ठेवलीय."

काठावरची मंडळी मला चिडवायची. "निघाली सासरी," वेखंड म्हणायचा. चिडवा म्हणावं. खाली अंधार असे, शेजारी चिखलात बेडूक झोपलेले असत, आणि डोक्यावर बर्फ कडकडला तरी मला ऐकूसुद्धा यायचं नाही. थंडी सरून ईस्टर झाला की दोरी ताणली जायची आणि मी परत उजेडात. बारा वर्षं यात एकदाही चूक झाली नाही.

मग एनिड आजारी पडली. आजार फार दिवस चालला नाही, जूनमध्ये ती गेली. त्या सकाळी क्लिफर्ड कात्री घेऊन आला. मला सात फुलं होती. त्यानं सातही कापली, एकेक देठ ओल्या रुमालात गुंडाळला आणि तिच्या शवपेटीवर ठेवायला घेऊन गेला. मला दुखलं नाही. दुखलं असतं तरी मी दिली असती.

त्यानंतर तो विसरायला लागला. किटली ठेवून विसरायचा, दार उघडं टाकून विसरायचा, जेवलो की नाही तेही विसरायचा. पण घड्याळं विसरला नाही. त्या ऑक्टोबरातही खुर्ची फिरली आणि मी खाली गेले. खाली सोडल्यावर तो दाराकडे तोंड करून म्हणाला, "गेली." आणि तसाच उभा राहिला. आतून कुणी काही म्हणालं नाही.

या ऑगस्टमध्ये तो तळ्याच्या काठावरच घसरला. खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलातून तो घरी आलाच नाही, त्याला वृद्धाश्रमात ठेवलं. मग त्याची मुलगी आली, जिलियन. वाईट नाही हो ती. दूर राहते, नोकरी आहे, एकटी सगळं ओढते. सप्टेंबरात ती एका हातात यादी आणि दुसऱ्यात फोन घेऊन तळ्याशी उभी राहिली.

"आपली काळजी आपण घेतील अशीच झाडं ठेवणार," ती फोनवर कुणाला तरी सांगत होती. "मला दर आठवड्याला यायला जमणार नाही. काटक तेवढी राहतील, बाकीची कचऱ्यात."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. ती एकेक पाटी वाचत पुढे सरकली. किंगकप राहिली. वेखंड राहिला. नाजूक पानांचं एक झाड कचऱ्याच्या पिशवीत गेलं. मग तिनं माझी पाटी उपसली आणि अंगठ्यानं शेवाळ पुसलं.

"'तळ्याच्या काठासाठी काटक'," तिनं वाचलं. "अरे वा, ही आईची! राहू दे, राहू दे."

आणि पाटी जशीच्या तशी परत खोचली. उलटी केली नाही. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला आनंद झाला. माझी निवड झाली म्हणून मी फुलून गेले. मूर्ख कुठली! काठ नीटनेटका दिसावा म्हणून तिनं ती हिरवी दोरी कापून टाकली, पानं पडू नयेत म्हणून तळ्यावर जाळी ताणली, चारी बाजूंनी खुंट्या ठोकल्या आणि गेली.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला. मी दिवसभर दाराकडे बघत होते. कुणी आलं नाही. फोनातली घड्याळं म्हणे आपली आपण मागे जातात. स्वयंपाकघरातलं घड्याळ तेवढं तासभर पुढे राहिलं, आणि मी वर राहिले.

नोव्हेंबर सरत आला. शेवटच्या रविवारी, म्हणजे कालच, जिलियन बापाला घरी घेऊन आली. एनिडचे कपडे बांधायचे होते. खिडकी थोडी उघडी होती, मला सगळं ऐकू येत होतं.

"बारा वाजले. जेवायचं नाही का?" क्लिफर्डचा आवाज. किती बारीक झाला होता!

"डॅड, आत्ता कुठे अकरा वाजतायत."

"बारा. ते बघ घड्याळ."

"ते चुकलंय. तुम्ही बसा इथे, मी वर कपडे बघते. उठायचं नाही हं."

ती गेली. क्लिफर्ड घड्याळाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे मागे केलंच नाही कुणी." आणि थोड्या वेळानं, "मग तळ्याचं कुणी केलं?"

माझ्या जिवात जीव आला. आठवलं, त्याला आठवलं! मागचं दार उघडलं. पायात सपाता, हातात वॉकर, अंगात नुसता स्वेटर. एकेक पाऊल टाकत तो आला. वाकून त्यानं एकेक खुंटी उपटली. मी म्हणत होते, ये, ये, लवकर ये.

मग तो वॉकर सोडून गुडघ्यांवर बसायला लागला आणि मला त्याची मांडी कापताना दिसली. त्याच जागी तो पडला होता हो! मी ओरडायला लागले, नको, क्लिफर्ड, मागे जा, मरू दे मला, तू मागे जा! पण माझं ओरडणं त्याला कुठलं ऐकू जायला? तो पोटावर झोपला आणि दोन्ही हात पाण्यात घातले.

"आई गं," तो म्हणाला. "दोरी कुठंय? एनिड, दोरी कुठं ठेवलीस?"

दोरी नव्हती. त्यानं टोपली उचलून पाहिली, हलली नाही. मग तो ढकलायला लागला. बोटभर सरकले. आणखी बोटभर. पायरीची कड आली, टोपली कलली आणि माझी अर्धी मुळं खोल पाण्यावर आली. अजून एक धक्का बसला असता की काम झालं असतं.

"डॅड!" जिलियन धावत आली. त्याला मागून स्वेटरला धरून तिनं वर ओढलं. "वेड लागलंय का तुम्हाला? परत पडायचंय? परत हॉस्पिटलात जायचंय?"

"एनिडची लिली वर राहिलीय. गोठेल ती."

"काटक आहे ती! पाटीवर लिहिलंय, मी स्वतः वाचलंय!"

"काटक नाही ती. ती कधीच काटक नव्हती. मी होतो म्हणून..." ओल्या बाह्यांतून पाणी टपकत होतं आणि तो लहान मुलासारखा रडत होता. जिलियनचा राग उतरला. तिनं आपला कोट त्याच्या अंगावर टाकला, त्याचे हात चोळले. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं.

"गेली का खाली?" त्यानं विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती त्याच्याकडेच बघत होती.

"गेली, डॅड."

"नक्की?"

"अगदी तळाशी गेली. चला, किटली ठेवते."

क्लिफर्डनं एक लांब श्वास घेतला. चेहरा असा सैल पडला की मला वाटलं एनिड असतानाचाच क्लिफर्ड आहे. चहा झाला. तिनं बाहेर येऊन जाळी परत ताणली, खुंट्या पायानं दाबल्या. गाडीत बसताना तो खिडकीची काच खाली करून तळ्याकडे बघून म्हणाला, "चांगलं झालं बाई, वेळेवर आठवलं." मग गाडी गेली.

तेव्हापासून मी अशी आहे. निम्मी पायरीवर, निम्मी अधांतरी. पहाटेपासून बर्फानं माझे देठ धरलेत, त्यामुळे आता मी आपली आपण घसरेन ही आशाही राहिली नाही. बाजूला वेखंड गाढ झोपलाय. हेब्डनबाई म्हणाल्या होत्या तसाच तो जगणार आहे. मला भीती वाटते हो. खूप भीती वाटते. खालचा तो अंधार इथून मला दिसतो, एवढा जवळ आहे.

तुम्ही जे कुणी ऐकताय, कुंपणापलीकडे असाल, रस्त्यानं जात असाल, आत या. फाटकाला कडी नाही. एक खुंटी उपटा, बर्फावर टाच मारा आणि मला जरासं ढकला. एवढंच.

आणि उशीर झाला असेल, टोपलीत नुसता चिखल हाती आला, तर निदान एक करा. क्लिफर्डला सांगू नका. ईस्टर झाला की तो येईल, खिडकीशी बसेल, मी वर आले का बघेल. त्याच्या आधी हेब्डनबाईंकडून दुसरी पांढरी आणून इथे ठेवा. त्याची नजर अधू झालीय, त्याला कळणार नाही. फक्त या वेळी पाटी उलटून वाचा.