सुनावणी चालू आहे

हरकत वाचता वाचता सुनीती मध्येच थांबली. अक्षताचा व्हिडिओ आला होता. अक्षता शेजारच्या सोसायटीतली. आज नदीकाठी झाडांच्या पहाऱ्याला तीच होती. पडद्यावर करवत घरघरत होती आणि कर्वेनगरमागचं वाळुंजाचं जुनं झाड आडवं होत होतं.

“बोला, बाई. वेळ कमी आहे,” टेबलामागचे अधिकारी म्हणाले.

“साहेब, झाडं तोडायची की नाही, यावरच आजची सुनावणी आहे ना?”

“अर्थात.”

“मग तिकडे ती तोडतंय कोण?”

तिने मोबाइल त्यांच्यासमोर धरला. करवतीचा आवाज सभागृहात घुमला. अधिकाऱ्यांनी चष्मा पुसायला घेतला.

“तो ठेकेदाराचा विषय. आपला मुद्दा नोंदवून घेतलाय.”

“नोंदवून करता काय? लोणचं घालता?”

मागे कुणीतरी हसलं. सुनीतीला हसू आलं नाही. तिच्या कानांतून वाफा निघत होत्या.

“खडकवासल्यातून पाणी सोडलं की आमच्या तळमजल्यात गुडघाभर चिखल होतो. उन्हाळ्यात भिंतींना हात लाववत नाही. हवामान बदलतंय, झाडं जगवा, असे फलक तुमच्याच खात्याने चौकाचौकात लावलेत. आणि काठ धरून ठेवणारी झाडं कापून तिथे फरशी घालताय? लाज...”

तिचा आवाज फाटला.

अधिकाऱ्यांनी कागद गोळा केले. “ठीक आहे. सुनावणी पूर्ण झाली, असं मी...”

“झालेली नाही.”

शेवटच्या रांगेत अनंत उभा होता. सुनीतीचा नवरा. याच खात्यातून निवृत्त झालेला. खात्याविरुद्ध चकार शब्द न काढणारा. आजही तो आला होता तो फक्त तिला स्कूटरवरून सोडायला.

अधिकारी गडबडीने उठले. त्यांची पहिली नेमणूक त्याच्याच हाताखाली झाली होती.

“सर, आपण? आपण तरी...”

“मी तरी काय? माझी हरकत आहे. आणि सुनावणी संपल्याशिवाय तोडीचा आदेश निघत नाही, हे तुम्हाला मीच शिकवलंय. म्हणजे तिकडे चाललंय ते बेकायदा. पोलिसांना तुम्ही कळवताय, की मी कळवू?”

अधिकाऱ्यांनी खिडकीशी जाऊन ठेकेदाराला फोन लावला. ते दबक्या आवाजात बरंच काही बोलले. थोड्या वेळाने सुनीतीचा फोन वाजला.

“काकू, करवत थांबली,” अक्षता धापा टाकत होती. “उंबर वाचलाय. करंजही आहेत. वाळुंजं मात्र सगळी गेली.”

सुनीतीने डोळे मिटले. आनंद कसला होणार? तिला कुणाच्या तरी मुस्काटात मारावंसं वाटत होतं.

पुढे अनंत टेबलासमोर खुर्ची ओढून बसला होता. उंबराखालच्या मातीपासून त्याने सुरुवात केली होती, तीही सरकारी मराठीत, सावकाश, प्रत्येक शब्द लिहून घ्यायला लावत. त्याच्या मागे आणखी काही माणसं येऊन उभी राहिली होती.

“काकू, ठेकेदाराची माणसं इथेच बसलीयेत,” अक्षता म्हणाली. “सुनावणी संपली की लगेच सुरू करणार म्हणतायत.”

सुनीतीने नवऱ्याच्या ताठ पाठीकडे पाहिलं.

“बसू देत त्यांना,” ती म्हणाली. “आज आमचे हे काही लवकर थांबायचे नाहीत.”